जोडव्यांवर बूट

उंच टाचेच्या बुटानं माणूस मरत न्हाई, असं सिंधु मॅडम पहिल्याच दिवशी म्हणल्या. मरत न्हाई हे खरं हाय. पण दिवसभर त्यात उभं राहिल्यावर जगून राहिल्यासारखं बी वाटत न्हाई, हे त्यांना कोण सांगावं?

मी गौरम्मा. दुकानात माझ्या छातीवर जी पट्टी लावली तिच्यावर मात्र ‘गौरी’ लिहिलेलं. म्हणलं, मॅडम, माझं नाव गौरम्मा हाय. तर म्हणल्या, "गिऱ्हाइकाला जड जातं हो." घ्या! आईबापानं ठेवलेलं नाव लातूरच्या गिऱ्हाइकाला जड जातं, आणि चार बोटं उंच टाचेचा बूट मला हलका जावा अशी यांची अपेक्षा.

दुकान म्हणजे सोन्याचांदीचं. लातुरात मेन रोडला नवीनच निघालेलं, सगळं काचेचं, फरशी अशी की आपलं तोंड दिसावं. नांदेडला त्यांची पहिली शाखा, तिथून सिंधु मॅडम आम्हाला शिकवायला आल्या होत्या. मूळच्या हदगावच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. बाई वाईट न्हवती. पण नियम म्हणजे नियम. निळी साडी, केसांचा अंबाडा, आणि पायात काळे बंद बूट, पुढं निमुळते, मागं टाचेचे. उघडी सँडल चालणार न्हाई. रोज सकाळी शटर अर्धं वर करून आम्हा नव्या बायांना त्या फरशीवरून चालवायच्या.

"आधी टाच टेकवा, मग चवडा. पाऊल लहान टाका. गुडघा ताठ नको. खाली बघू नका, समोर बघा."

बाकीच्या पोरी विशीतल्या. दोन-तीन दिवसांत तुरूतुरू चालायला लागल्या. मी मात्र काट्यावरून चालल्यासारखी. मॅडम म्हणायच्या, गौरी, अंगाचा भार मागं ठेवता तुम्ही, पुढं घ्या. पुढं घेतला की माझ्या डोळ्यांपुढं चांदण्या चमकायच्या. मी दात खाऊन मागं यायची.

आता खरी गोष्ट सांगते. बूट वाईट न्हवता, टाच बी वाईट न्हवती. माझ्या पायात जोडवी होती. चांगली जाड, चांदीची, लग्नातली. त्या निमुळत्या बुटात बोटं एकमेकांवर दाबली जायची आणि जोडवं शेजारच्या बोटात रुतायचं. पाऊल टाकलं की रुतलं. ज्याला हे माहीत न्हाई त्याला वाटावं, खेड्यातली बाई, हिला टाचेचा सराव न्हाई.

मग काढून ठेवायची की, असं तुम्ही म्हणाल. मी बी म्हणले असते. पण माझ्या घरात माझी सासू हाय.

आमचं गाव देवणीकडं. तिथली विहीर आटली, मग बोअर आटला, मग माणसं निघाली. पोरगी दहावीला, तिची शाळा लातुरात. म्हणून दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी, पोरगी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू रत्नम्मा, अशा तिघी इथं राहत होतो. इथं तरी कुठं गंगा वाहून राहिली होती? रेल्वेनं पाणी आणलं म्हणून टीव्हीवाले नाचत होते, आणि आमच्या गल्लीत टँकर कधी यायचा ते त्या टँकरवाल्यालाच ठाऊक. आमचे हे, सिद्धेश्वर, उदगिरात. उदगीर नवा जिल्हा होणार, होणार, असं जो तो म्हणत होता. ह्यांनी तहसीलच्या समोर एक टपरी धरून झेरॉक्सचं मशीन मांडलं. कलेक्टर हापीस आलं की कागदाला तोटा न्हाई, म्हणायचे. जिल्हा काही येईना. हे माशा मारत बसलेले. म्हणजे घर चालायचं ते माझ्या पगारावर. नोकरी गेली तर पोरीची शाळा अर्ध्यात सोडून गावाकडं, त्या कोरड्या विहिरीपाशी. एवढं सरळ होतं.

आता जोडव्यांचं. मागल्या साली टँकरवर हंडा उचलताना माझ्या डाव्या पायातलं जोडवं निसटलं आणि चिखलात गेलं. लई शोधलं, मिळेना. आणि त्याच आठवड्यात ह्यांची मोटरसायकल निलंगा रोडला घसरली, मांडीचं हाड मोडलं. झालं! आत्याबाईंनी दोन्हीची गाठ मारली. पुढं चिखल वाळला आणि जोडवं सापडलं, तेव्हा मला हाताला धरून सोनाराकडं नेलं. त्याला म्हणल्या, "असं दाबून दे बाबा, की निघालं तर बोटासकट निघावं." त्यानं बी बाईचं मन राखलं. दोन्ही पायांची दाबून दिली.

मी त्यांना दोष देत न्हाई. सासरा गेला तेव्हा गावच्या बायांनी त्यांची जोडवी काढली. आम्हा लिंगायतांत नवरा गेला म्हणून बाईचं काही काढायचं नसतं, असं मठातले स्वामी सांगतेत. स्वामी सांगतेत आणि बाया काढतेत. तेव्हापास्नं आत्याबाई कुणाच्या लग्नात पुढं आल्या न्हाईत. हळदीला हात लावला न्हाई, कुणाची ओटी भरली न्हाई. कुणी बोलावलंच तर म्हणायच्या, माझं काय काम? भिंतीला टेकून बसायच्या.

तर अशा बाईपुढं मी जोडवी काढते म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून मी दुसरेच उद्योग करत बसले. एक नंबर मोठा बूट मागून घेतला. पुढं बोटांना जागा झाली, तर मागं टाच निसटाया लागली. मागं कापूस कोंबला, तर चालताना फटक फटक वाजाया लागलं. बोटांना चिंध्या गुंडाळल्या. पायाचा आतला भाग वर उचलून चालून बघितलं, बाहेरच्या कडेवर चालून बघितलं. संध्याकाळी दुकानातून आले की गल्लीत बूट घालून ये-जा करायची. शेजारची सुमनबाई, जिनं ही नोकरी सुचवली, ती दारात बसून हसायची. आत्याबाई बी हसायच्या.

"अय्यो शिवा! उंटीण झालीस की गं. वर काय ढग दिसतेत का?"

"दिसले तर पहिलं तुम्हालाच सांगते, आत्याबाई."

"मग सवय होऊन राहिली म्हण की."

"हाव, होऊन राहिली."

काय सवय होऊन राहिली होती! आत बोटाचं कातडं गेलं होतं. मी पाय दाखवत न्हवते. अंघोळीपुरतं पाणी न्हवतं, त्यामुळं पाय बघायचा प्रश्न कुणाला पडत न्हवता. दुष्काळात तेवढी एक सोय.

आणि दैवाची थट्टा बघा, मला बसवलं होतं चांदीच्या काउंटरवर. तिथं काय विकायचं? पैंजण, मासोळ्या आणि जोडवी.

एका शुक्रवारी अहमदपूरकडचं एक घर लग्नाचा बस्ता बांधून दुकानात आलं. नवरीची आजी चांगली खमकी. मखमलीवर मांडलेली सगळी जोडवी उलटीपालटी केली, आणि काही मनाला येईना. माझ्याकडं बघून म्हणाली, "ताटात काय कळतंय? पायात कशी दिसतेत ते बघाया पाहिजे. तू लग्नाची हाईस न्हवं? तुझा पाय दाखव."

मी म्हणलं, "आज्जी, नवरीच्याच पायात घालून बघू की."

"ती लाजून राहिली. तू कशाला लाजतीस? काढ बूट."

मी इकडं तिकडं बघितलं. सिंधु मॅडम मागंच उभ्या. त्या बी म्हणल्या, "दाखवा, गौरी. काय हरकत हाय?"

हरकत काय हाय! मी स्टुलावर बसले आणि बूट ओढला. मोजा बोटांना चिकटला होता. सोडवला तर पांढऱ्या फरशीवर रक्ताचा ठिपका पडला, मग दुसरा. जोडवं दिसत न्हवतं, भोवतीचं मांस सुजून वर आलं होतं. नवरीनं तोंड फिरवलं. आजी मात्र खाली वाकली, नीट बघितलं आणि एवढंच म्हणाली, "अगं बाई, कशापायी गं?"

मला लई लाज वाटली. रक्ताची न्हाई. आपण लपवत होतो ते चारचौघांत फरशीवर सांडलं, त्याची.

मॅडम मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं आणि आधी स्वतःचे बूट काढून फेकले. त्यांच्या अंगठ्याची हाडं दोन्ही बाजूंनी फुगलेली. पाय चोळत बसल्या.

"मला का सांगितलं न्हाई? मी रोज तुम्हाला भार पुढं घ्या, पुढं घ्या म्हणून ओरडून राहिले."

"सांगून काय केलं असतं तुम्ही?"

"काढा म्हणले असते. माझं बी लग्न झालंय, गौरी. माझी जोडवी पर्समध्ये असतेत. घरी जाताना रिक्षात घालते. सासूला आजवर पत्ता न्हाई."

"माझी निघत न्हाईत. सोनारानं दाबलेली हाईत."

त्या म्हणल्या, "उद्या मालक येऊन राहिलेत. प्रत्येकीला चालवून बघणार आणि कुणाला ठेवायचं ते ठरवणार. मी तुमच्यासाठी शब्द टाकीन. पण लंगडणारी बाई ते ठेवणार न्हाईत. घरी बोला. न्हाईतर..." त्या दमल्या होत्या. मी बी दमले होते. बाहेरून कुणी हाक मारली म्हणून त्यांनी परत बूट चढवले.

घरी आले तर गल्लीत टँकर आलेला. कसलं बोलणं आणि कसलं काय! पर्स खिडकीत टाकली, बूट उंबऱ्यात काढले आणि हंडा घेऊन पळाले. अनवाणीच. ओढाताण करून दोन हंडे भरले. दुसरा हंडा घेऊन दारात आले तर आत्याबाई उंबऱ्यापाशी खाली बघत उभ्या. माझ्या पावलांचे लाल ठसे शहाबादी फरशीवर उमटले होते. बुटात बोट घालून बघितलं होतं त्यांनी. ते बोट मला दाखवलं.

"हे काय?"

"बूट चावला."

"बूट चावला तर टाचेला चावतो. हे पुढं हाय. पाय वर घे."

"आत्याबाई, स्वयंपाक पडलाय—"

"पाय वर घे म्हणते न्हवं!"

मी उंबऱ्यावर बसले. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि किती तरी वेळ नुसतं बघत राहिल्या. मला वाटलं, आता नोकरीला शिव्या, मॅडमला शिव्या, मग मला. मी आधीच सांगून टाकलं. सगळं सांगितलं. उद्या मालक येणार ते सांगितलं. आणि शेवटी म्हणलं, "जाऊ द्या. सोडते नोकरी. गावाकडं जाऊ. तुम्ही काढू देणार न्हाई, आणि मला बी काढायची न्हाईत. मागल्या सालासारखं काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" बोलता बोलता मला रडू आलं. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, आलं.

आत्याबाई उठून आत गेल्या. येताना हातात झाकलेला तांब्या. कितीबी टंचाई असू द्या, लिंगपूजेचा एक तांब्या त्या बाजूला ठेवायच्या. पोरगी तहानेनं रडली तरी त्याला आम्ही हात लावत न्हवतो. तो तांब्या त्यांनी माझ्या पायावर ओतला.

"आत्याबाई! पूजेचं पाणी हाय ते!"

"मग काय झालं? स्वामी घरी आले की त्यांचे पाय धुतेच की मी. गप बस."

साबण लावला. बोट चोळलं. मी ओरडले तर म्हणल्या, ओरड. मग अडकित्ता आणला, त्याचं टोक जोडव्याच्या फटीत घातलं आणि हळूहळू फाकवत गेल्या. मधेच थांबल्या.

"माझी काढली तेव्हा मी शुद्धीत न्हवते," त्या म्हणल्या. "पण पायाला कळत होतं. ओढून राहिल्या होत्या बाया. कुणी बी एक शब्द बोललं न्हाई माझ्याशी."

त्यांनी अडकित्त्याचं टोक परत फटीत घातलं.

"गौरम्मा, म्हण माझ्या मागनं. सासूनं सांगितलं म्हणून काढली."

"आत्याबाई..."

"म्हण! सासूनं काढली, माझ्या मनानं न्हाई काढली. जी काय इडापिडा असल ती रत्नम्माच्या माथी."

मी म्हणले. हळू आवाजात म्हणले, आणि शेवटचं वाक्य माझ्या तोंडातून निघेना, तर ते त्यांनी स्वतःच म्हणलं. मग एक जोडवं निघालं. मग दुसऱ्या पायातलं. बोटांवर पांढरे खड्डे पडलेले, ऊन न लागलेले. आत्याबाईंनी दोन्ही जोडवी पदरानं पुसली, माझ्या गळ्यातल्या लिंगाचं वस्त्र सोडलं, लिंगाशेजारी ती ठेवली आणि गाठ मारली.

"पायात न्हाईत, पण अंगावर हाईत. घरी आलीस की परत घालायची. आणि माझ्या लेकाला सांगू नकोस. तो हसून राहील."

दुसऱ्या दिवशी मालक आले. गोरा, बुटका माणूस, त्याच्या स्वतःच्या बुटाला बी जरा टाच होतीच. आम्हाला एकेकीला दारापासून काउंटरपर्यंत चालायला लावलं. माझी पाळी आली. बोटांना पट्टी बांधलेली होती, दुखत होतं, पण रुतत न्हवतं. आधी टाच, मग चवडा. पाऊल लहान. अंगाचा भार पुढं घेतला आणि तो सरळ पुढं गेला, जिथं जायला पाहिजे तिथं. इतकं सोपं होतं ते? मी चालत गेले, वळले, परत आले. गळ्यात गाठीत जोडवी किणकिणत होती, ते मला एकटीलाच ऐकू येत होतं. पाय हलके झाले होते आणि मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झाला न्हाई. मोकळ्या बोटांना भीती वाटून राहिली होती.

"बघा!" सिंधु मॅडम मालकांना म्हणल्या. "म्हणलं न्हवतं? सराव लागतो फक्त."

मी हसले. मालकांनी मान हलवली. नोकरी राहिली.

संध्याकाळी घराकडं वळले तर आत्याबाई उंबऱ्यावर बसलेल्या. उन्हाची तिरीप अंगावर, तोंड सुकलेलं. मला आत येऊ दिलं न्हाई.

"थांब. आधी बस."

मी उंबऱ्यावर बसले. त्यांनी माझे बूट काढले, गळ्यातली गाठ सोडली. ज्या बाईनं इतक्या वर्षांत कुणाच्या हळदीकुंकवाला हात लावला न्हाई, तिनं माझा पाय मांडीवर घेऊन जोडवं घातलं. जखमेच्या बोटांत न्हाई, पलीकडच्या बऱ्या बोटात. मग दुसऱ्या पायात. दाबलं न्हाई, नुसतं बसवलं. मग म्हणल्या, "आता फोन लाव त्याला."

मी फोन लावला. ह्यांनी उचलला तो वैतागूनच.

"गौरम्मा, आईला काय झालंय? सकाळपास्नं सुमनबाईच्या फोनवरनं फोन करून राहिली. जेवलास का? गाडी चालवू नकोस. रस्ता ओलांडून राहिलास का? कामच करू दिलं न्हाई मला. इथं जिल्ह्याची बातमी येऊन राहिली, आणि हिचं आपलं दर घटकेला, बोल, आवाज ऐकव. काही झालंय का घरी?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत न्हवत्या, फोनकडं बघत होत्या. आतून येणारा लेकाचा आवाज कान देऊन ऐकत होत्या.

"काही न्हाई झालं," मी म्हणलं. "पाय दुखून राहिलेत जरा."

"मग बूट सोडून दे की!" हे म्हणले, आणि जिल्ह्याचं बोलत राहिले. मी फोन ह्यांच्या आईच्या कानाला लावला. आत्याबाईंनी डोळे मिटले आणि सगळं ऐकून घेतलं.

फोन बंद झाला. नोकरी राहिली का गेली, हे आत्याबाईंनी विचारलंच न्हाई. मीच सांगितलं, राहिली म्हणून. "बरं झालं," त्या म्हणल्या. भिंतीचा आधार घेऊन उठल्या, अडकित्ता उचलून कोनाड्यात ठेवला आणि आत जाता जाता म्हणल्या, "उद्या जरा लवकर ऊठ. म्हणायला आणि काढायला येळ लागतो."